हुंगलेली फुलं

लग्न होऊन मी कल्याणहून ठाण्याला आले, तेव्हा माझ्या नवऱ्याला वास येत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाय अधू असता किंवा डोळ्यात फूल पडलेलं असतं, तर माझ्या वडिलांनी चौकशी केली असती. नाकाची चौकशी कोण करणार? नाक दिसायला चांगलं सरळ होतं. मुलगा सरकारी शाळेत इंग्रजी शिकवतो, टेंभी नाक्याजवळ स्वतःचं घर आहे, घरात विधवा आई आहे, एवढं पाहून वडिलांनी मला देऊन टाकलं.

मला कळलं ते दुधामुळे. मी विहिरीवर गेले होते. परत येते तो करपलेल्या दुधाचा वास दारापर्यंत आलेला, आणि हे चुलीपासून दोन हातांवर बसून पुस्तक वाचतायत. मी भांडं खाली ओढलं, हात भाजून घेतला आणि म्हणाले, "अहो, एवढं जळतंय ते कळत नाही का तुम्हाला?"

"काय जळतंय?" ह्यांनी वर न बघताच विचारलं.

सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "त्याला नाही येत वास. लहानपणी देवी आल्या होत्या, त्या नाक घेऊन गेल्या."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या, की मीही तेव्हा मनावर घेतलं नाही. ह्या नाकाचं सगळं काम पुढे माझ्या नाकाला करावं लागणार आहे, हे मला काय ठाऊक?

ह्यांना वेलींचा नाद होता. झाडांचा नव्हे, झुडपांचाही नव्हे, फक्त वेलींचा, आणि त्यातही फुलणाऱ्या वेलींचा. शाळा सुटली की स्वारी छत्री घेऊन निघे ती येऊरच्या डोंगराकडे किंवा खाडीच्या अंगाला. परत येताना छत्रीत पाला. म्हणायचे, "इंग्रजांनी आपल्या वेलींवर जाडजूड पुस्तकं लिहिली. लॅटिन नावं दिली. आणि आपल्या माणसाला आपल्या कुंपणावरची वेल ओळखता येऊ नये?" ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढ्या वेली फुलतात, तेवढ्यांचं वर्णन असलेलं मराठी पुस्तक ह्यांना करायचं होतं. नुसतं वर्णन वाचून शेतावरच्या माणसाला वेल ओळखता आली पाहिजे, असं. खोड कसं, पानं समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या किती, शेंग की फळ, हे सगळं ह्यांना डोळ्यांनी करता येई. चित्रंही स्वतःच काढत. अडे ते एका ठिकाणी. इंग्रजी पुस्तकात 'सुवासिक' असं लिहिलेलं असे, आणि ते खरं की खोटं हे ह्यांना सांगता येत नसे.

मग मला हाक.

पहिल्यांदा मला गंमत वाटली. नवऱ्याने फूल पुढे करावं, हे कोणत्या बाईला आवडणार नाही? मी फूल हुंगलं आणि म्हणाले, "छान आहे."

"छान म्हणजे काय?"

"म्हणजे गोड."

"गुळासारखं गोड की दुधासारखं?"

"अहो, फुलासारखं."

ह्यांनी बोरू खाली ठेवला. "फुलाचा वास फुलासारखा, असं लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?"

मी पुन्हा हुंगलं. फूल जाईचं होतं. जन्मभर माळलेलं, पण जाई कशासारखी आहे हा विचार कधी केला होता? जाई जाईसारखी. चुलीवर आमटी, आणि मी दारात उभी राहून फुलात नाक खुपसून शब्द शोधतेय. शेवटी म्हणाले, "थंड आहे. कोऱ्या मडक्यातल्या पाण्यासारखा, पण गोड."

ह्यांनी ते टिपून घेतलं आणि खूश होऊन मान हलवली. ती खुशी मला महागात पडली. त्या दिवसापासून आमटी असो, पाहुणे असोत, माझं डोकं दुखत असो, छत्री उघडली की मला नाक घेऊन हजर व्हावं लागे.

आणि मग सासूबाई. सासूबाईंची पूजा मोठी. परडीभर फुलं लागत. हे येताना फुलं आणत म्हणून आधी त्यांना आनंदच झाला. एक दिवस त्यांनी परडीतली फुलं देवाला वाहायला घेतली आणि मी भोळेपणाने म्हणून गेले, "ती नको, ती माझी झाली आहेत."

"झाली म्हणजे?"

"हुंगून झाली आहेत."

त्यांनी हातातलं फूल ताम्हनात टाकलं, ताम्हन बाजूला सारलं आणि पुन्हा हात धुतले. "हुंगलेली फुलं देवाला! काल कोणती वाहिली मी? परवा?"

काल-परवाचंही मला सांगता येईना. त्यांनी मुलाला बोलावलं. "तुझ्या पुस्तकापायी देव उष्टा केलास तू."

"आई, देवाला वास येतो की नाही हे आधी..."

"पुढे बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर घरात फुलांच्या दोन परड्या झाल्या, आणि कोणती कुठली यावरून रोज सकाळी कटकट. परडी उचलताना मी श्वास धरून ठेवायची, तरी सासूबाई माझ्या नाकाकडे संशयाने बघायच्या.

घराची काय दशा होती ते सांगते. वेली वाळवायला जड काहीतरी लागतं. ह्यांनी टीपकागदात वेली घातल्या आणि वर आमचा पाटा ठेवला. पाटा! मी खोबरं-मिरच्या घेऊन उभी, आणि पाट्याखाली गोकर्ण. "अजून ओली आहे, हलवू नकोस," हे म्हणाले. पुढे जात्याची वरची तळी गेली. दोन दिवस शेजारणीकडून पीठ आणलं. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमच्याकडे सध्या गवत दळतात."

पुन्हा वेल कोणत्या बाजूने चढते हा एक वेगळाच जाच. काही वेली आधाराभोवती उजवीकडून वळतात, काही डावीकडून, आणि त्यावरून म्हणे त्या ओळखता येतात. हे मला विचारत, "ही कुठून वळते?"

"उजवीकडून."

"कोणाच्या उजवीकडून? तुझ्या की वेलीच्या?"

"वेलीला कुठलं आलंय उजवं-डावं?"

"तसं नव्हे. तू खांब आहेस असं समज. वेल तुझ्याभोवती चढतेय. तर ती तुझ्या कुठल्या हाताला जाते?"

मला ते काही केल्या समजेना, तेव्हा ह्यांनी मला अंगणात खांबासारखी उभी केली, माझ्या हातात उपरण्याचं एक टोक दिलं आणि दुसरं टोक धरून हे माझ्याभोवती फिरायला लागले. एक फेरा झाला, दुसरा झाला. मी चांगली गुंडाळली गेले. तेवढ्यात सासूबाई देवळातून आल्या. दारातच थांबल्या. आम्हा दोघांकडे बघून तशाच पुन्हा देवळात गेल्या.

नावांनी तर ह्यांचा जीव काढला. एकाच वेलीला दोन गावांत दोन नावं, आणि एकच नाव दोन वेलींना. बाळकुमला एक माणूस एका वेलीला मधुमालती म्हणाला. पांढऱ्या फुलांची, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या, एका पाकळीवर हळदीचा डाग. तिलाच दुसरे हळदवेल म्हणत. आणि ठाण्यातल्या एका बंगल्यावर चढलेली लांब देठाची, संध्याकाळी पांढरी उमलून पुढे लाल होत जाणारी वेल, तिलाही माळी मधुमालतीच म्हणे. हे दोन दिवस अस्वस्थ. जेवता जेवता घास हातात घेऊन म्हणत, "दोघी मधुमालती कशा असतील?"

"नसतील तर नसोत. ताक घ्या," मी म्हणायची.

दिवाळीनंतर ह्यांनी मला छकड्यात घालून कोलशेतला नेलं. खाडीकडेच्या एका कुंपणावर पांढरी, ताटलीएवढी फुलं येणारी वेल होती, ती दिवेलागणीला उमलायची. फुलं खुडून घरी आणली तर वाटेत मिटायची. म्हणून नाकालाच फुलाकडे नेलं. मी नऊवारी सावरत चिखलातून कुंपणापाशी गेले. समोर मिठागरं. काम आटोपून बायका परतत होत्या, त्या सगळ्या थांबल्या. सुशिक्षित घरातली बाई परक्याच्या कुंपणात तोंड घालून उभी आहे, आणि तिचा नवरा कागद घेऊन मागे उभा आहे, हे त्यांनी आधी कधी पाहिलं नसणार.

"काय हुंगतंस गो बाय?" एकीने विचारलं.

मी काय सांगणार? ह्यांनीच विचारलं, "ह्या वेलीला तुमच्यात काय म्हणतात?"

"चांदवेल," एक म्हणाली.

"चांदवेल ती न्हय. ही दूधवेल," दुसरी म्हणाली, आणि दोघींची तिथेच जुंपली. तिसरी, डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारी, हसत म्हणाली, "तिला नाव कशाला होवं? ती काय हाक मारल्यावर येतंय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हे हसले नाहीत. बाळकुमला दुसऱ्याच वेलीला चांदवेल म्हणाले होते, ते ह्यांच्या डोक्यात घोळत होतं.

"वास?" ह्यांनी मला विचारलं.

वाऱ्यावर मिठागराच्या गाळाचा वास, बायकांच्या पाट्यांतली सुकट, आणि त्यात ते फूल. मी वैतागून म्हणाले, "सुकटीसारखा."

घरी येऊन बघते तर कागदावर व्यवस्थित अक्षरात 'गंध किंचित मासळीसारखा'. "अहो, खोडा ते! फुलाला नव्हता, गावाला होता!" मी ओरडले. ह्यांनी खोडलं, पण माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तराजूच खोटा निघाला. आठवड्याने पुन्हा कोलशेत. ह्या खेपेला वारा पडलेला होता आणि बायकांना आमचं येणं ठाऊक होतं. त्या गोल करून बसल्याच होत्या.

खाजकुहिलीचं फार सांगत नाही. जांभळ्या फुलांचे घोस, आणि शेंगेवर मखमलीसारखी सोनेरी कुसं. ती कुसं अंगाला लागली की माणूस नाचतो. संक्रांतीच्या सुमाराला ह्यांनी शेंगा कागदात गुंडाळून फळीवर ठेवल्या, आणि त्या फळीखालीच सासूबाईंचं सोवळं वाळत असे. पूजेला बसलेल्या सासूबाई मंत्र म्हणता म्हणता उठल्या त्या थेट विहिरीवर. आम्ही त्यांच्या अंगाला शेण चोळलं, घागरींवर घागरी ओतल्या. त्या दिवशी मात्र हे घाबरले. आईच्या पायाशी बसून राहिले. सासूबाई दाह सोसत म्हणाल्या, "एवढ्या वेली आहेत जगात. एखादी साधी का नाही आणत?"

चैत्रात येऊरच्या बाजूने कुसर आली. रानातली कुसर म्हणजे मोगऱ्याचीच जात, फुलं पांढरीशुभ्र, पाकळ्या लांब. ह्यांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून जपून आणली होती. एरवी छत्रीत कोंबून आणत, म्हणून मला नवल वाटलं. माझ्यापुढे धरून म्हणाले, "ही नीट सांग. घाई करू नकोस."

मी हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"घासलेटसारखा," मी म्हणाले.

"काय?"

"घासलेट. आणि त्यात काहीतरी कुजलंय."

ह्यांचा चेहरा पडला. "असं कसं? सगळे म्हणतात कुसर सुवासिक. पुन्हा हुंग."

"नको."

"एकदाच."

मी पुन्हा हुंगलं आणि तशीच मोरीकडे धावले. मागून ह्यांचा आवाज येत होता, "उग्र म्हणू का? की मळमळ आणणारा?" मला ओकारी येत होती आणि ह्यांना शब्द हवा होता.

सासूबाई जपमाळ खाली ठेवून माझ्यामागे आल्या. माझी पाठ चोळली. मग विचारलं, "काल जाईचा कसा वाटला?"

"तोसुद्धा घाण."

"आणि फोडणीचा?"

मी नुसती मान हलवली. सासूबाई उठल्या, बाहेर गेल्या आणि मुलाच्या हातातून बोरू काढून घेतला. "पुरे झालं तुझं शास्त्र. फूल चांगलं आहे. तुझ्या बायकोला दिवस गेलेत."

ह्यांना आनंद झाला, नाही असं नाही. पण तो आनंद ओसरायच्या आधीच ह्यांनी विचारलं, "म्हणजे गेल्या महिनाभरातलं सगळं चुकलं असणार?" मी हातातला तांब्या आपटला.

त्यानंतर बरेच महिने माझं नाक निकामी होतं. खमंग ते घाण लागे, आणि ओल्या मातीच्या भिंतीला नाक लावून उभं राहावंसं वाटे. हे ते सगळं नवलाने बघत, पण लिहीत नसत. सातव्या महिन्यात मी कल्याणला माहेरी गेले. खरं सांगते, आगगाडीत बसले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. वडिलांच्या घरी फुलं फक्त फुलं होती. ती माळायची, देवाला वाहायची आणि सुकली की टाकायची. कोणी काही विचारत नव्हतं.

मुलगी झाली. बारशाला हे आणि सासूबाई आल्या. नाव काय ठेवायचं म्हणून बायका जमल्या. माझी काकू म्हणाली, "जावईबापूंना वेलींचा शोक, तर मालती ठेवा."

हे ओसरीवरून म्हणाले, "मालती नको. मालती म्हणजे नक्की कोणती वेल, हे अजून ठरलेलं नाही."

"मग माधवी?"

"तिचा तर फारच घोळ आहे. मधुमालतीलाच माधवी म्हणतात, आणि त्या आमच्याकडे दोन निघाल्या आहेत."

माझे वडील कपाळाला हात लावून बसले. शेवटी सासूबाईंनी पाळण्याशी वाकून भलतंच, देवाचं नाव मुलीच्या कानात सांगितलं आणि विषय संपवला. एरवी मला सासूबाईंचा फार धाक. त्या दिवशी त्यांना मिठी मारावीशी वाटली.

दुपारी मंडळी जेवून पांगली. हे माझ्या खोलीच्या दारात आले. मुलीला घेतील म्हणून मी तिला पुढे केलं. ह्यांनी तिला घेतलं, तिच्या कपाळाला नाक लावलं, पुष्कळ वेळ तसेच उभे राहिले. मग तिला माझ्या मांडीवर ठेवून खिशातून एक ओलं फडकं काढलं. आत पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके. रानजाई.

मी बघतच राहिले. खोलीत ओव्याची धुरी, तेल, शेपा. अंग अजून दुखत होतं. आणि हे फडकं पुढे करून उभे.

"मी नाही हुंगणार," मी म्हणाले.

"एकदाच. उद्यापर्यंत राहायची नाहीत ही."

"न राहोत. अहो, मी माणूस आहे की नाक? लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही मला हेच विचारताय. पाटा गेला, जातं गेलं, कोलशेतला माझं हसं झालं, मी ओकत होते तेव्हासुद्धा तुम्हाला शब्दच पाहिजे होता. वास नाही लिहिला तर काय बिघडेल तुमच्या पुस्तकाचं? पानं लिहा, पाकळ्या मोजा. तुम्हाला स्वतःला जे कळतच नाही, ते कशाला पाहिजे?"

एवढं मी ह्यांना कधी बोलले नव्हते. मुलगी जागी होऊन रडायला लागली. हे उंबऱ्यावर बसले. मला वाटलं चिडतील. मग हळू आवाजात म्हणाले, "मला एक वास आठवतो. एकच. कुसरीचा."

"कुठला?"

"आईच्या वेणीचा. वडील होते तेव्हाचा. त्या उन्हाळ्यात मला देवी आल्या, आणि त्याच साथीत वडील गेले. मी बरा होऊन उठलो तेव्हा मला वास नव्हता, आणि आईला केस नव्हते."

मी मुलीला थोपटत राहिले. बाहेर ओसरीवर सासूबाई माझ्या काकूशी बोलत होत्या, त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"दर वर्षी थोडा कमी आठवतो," हे म्हणाले. "आता वास असा आठवत नाहीच. तो होता, एवढं आठवतं. लिहून ठेवलेलं असतं तर बरं झालं असतं."

"लिहून ठेवलेलं वाचून तुम्हाला वास येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

ह्यांनी फडकं फुलांवर पुन्हा गुंडाळायला घेतलं. माझा राग गेला नव्हता, तो पुढे पुष्कळ दिवस राहिला. पण मी हात पुढे केला आणि रागातच रानजाई हुंगली. धुरीतून वास काही नीट लागेना. "खिडकी उघडा," मी म्हणाले. ह्यांनी उघडली. "सायीसारखा. हलका. मागून थोडा कडवट." ह्यांनी जवळच्या एका चिठोऱ्यावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "मुलीच्या कपाळाला कसा येतो?"

"तो पुस्तकात जायचा नाही," मी म्हणाले.

"नाही. मलाच पाहिजे."

तो मी सांगितला. इथे लिहीत नाही.

पुढच्या चैत्रात कुसर पुन्हा आली. मी चांगली बरी होते, नाक जागेवर होतं, पण त्या फुलाचं वर्णन मला धड जमेना. जे म्हणावं ते हलकं वाटे. हे शाळेत गेले होते. मला ओसरीवर पुटपुटत बसलेली पाहून सासूबाई म्हणाल्या, "काय अडलंय?"

"कुसर. गोड म्हटलं तर पुरत नाही."

देवाला वाहायचं फूल त्या कधी हुंगत नसत, आणि माळायच्या फुलाशी त्यांचा संबंध संपला होता. फूल नाकाशी नेताना मी त्यांना आजवर पाहिलंच नव्हतं. त्यांनी आलवणाचा पदर मागे सारला, हात पुढे केला. मी फडकं दिलं.

"गोड नको लिहूस," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "सकाळी आधी हिरवा येतो, ताज्या मोडलेल्या देठासारखा. मग ऊन चढलं की तूप विरघळावं तसा. संध्याकाळी केसांत तेलाशी मिसळला की मग खरा. तो उशीला राहतो, दुसऱ्या दिवशीपर्यंत."

मी जसंच्या तसं लिहिलं. संध्याकाळी हे वाचताना मध्येच थांबले. "हे तुझं नाही."

"नाही."

हे कागद घेऊन परसात गेले आणि जेवायला हाक मारली तरी लवकर आले नाहीत. आत सासूबाई पानं मांडत होत्या. "आमटी निवतेय, त्याला म्हणावं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुस्तक पुरं झालं तेव्हा मुलगी चालायला लागली होती. हे ते घेऊन मुंबईला एका छापखानेवाल्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी ठेवून घेतलं, वाचलं आणि परत बोलावून सांगितलं, की काम उत्तम आहे, पण वासाबद्दलचा मजकूर सगळा गाळावा. तूप, मडकं, साय, उशी हे शास्त्राच्या ग्रंथात शोभत नाही, बायकी वाटतं. जिथे हवं तिथे नुसतं 'सुगंधी' किंवा 'निर्गंध' असं लिहावं.

ह्यांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा माझा संताप झाला. इतकी वर्षं मी कुरकुर केली, पाट्यासाठी भांडले, आणि आता त्या गृहस्थांना एका फटक्यात सगळं नको होतं! "मग गाळा," मी म्हणाले. "तुमचं पुस्तक, तुमचे मालक. मी कोण?"

"मी परत घेऊन आलोय," हे म्हणाले, आणि पिशवीतून गठ्ठा काढून पाटावर ठेवला.

मग ठाण्यातच दगडावरून छापणाऱ्या एका शिळाप्रेसवर पुस्तक निघालं. कागद जाड, शाई कुठे फिकी, कुठे डाग. हळदवेलीचं चित्र इतकं काळं उमटलं की ते कोळ्याचं जाळं वाटे. ते बघून हे दोन वेळा जेवले नाहीत. वास मात्र सगळे होते. काही प्रती शाळामास्तरांनी घेतल्या, काही वैद्यांनी. उरलेल्या माळ्यावर.

वर्षभराने माघाच्या सुमाराला डोंबिवलीहून एक गृहस्थ आले. हातात पुस्तक. मला वाटलं, स्तुती करायला आले. ते ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि संकोचत म्हणाले, "आमच्या परसात हळदवेल आहे. आपण लिहिलंय, पिकल्या फणसाचा वास दुरून यावा तसा. आमच्या घरातून म्हणतात, हे चूक आहे."

आतून मी ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती हळदवेल मी तीन वेगळ्या ठिकाणी हुंगली होती! आणि हे? हे आनंदाने उभेच राहिले. "म्हणजे त्यांनी फूल हुंगून पाहिलं? पुस्तक वाचून?"

"रोज हुंगतात आणि रोज बोलून दाखवतात. म्हणून तर आलो."

रविवारी आम्ही डोंबिवलीला. मी नको म्हणत होते, मुलीला सर्दी होती, स्टेशनापासून शेतांतून चालायचं होतं, पण ह्यांच्यापुढे माझं कधी काय चाललंय? त्या गृहस्थांची बायको परसदारी वाटच बघत होती. माझ्याच वयाची, ठेंगणी, पदर खोचलेला. हळदवेल आंब्यावर चढलेली, पांढरी भरलेली. तिने एक तुरा मला दिला, एक स्वतः घेतला.

"फणस," मी म्हणाले.

"फणस नव्हे. लोणी कढवताना बेरी धरते ना, तेव्हा येतो तसा."

"बेरीला खारट वास असतो."

"तुमच्याकडे असेल."

आम्ही दोघींनी पुन्हा हुंगलं. मला फणसच आला. तिलाही तिची बेरीच आली असणार, कारण फणसाला काही तिने होकार दिला नाही. पलीकडे तिचा नवरा माझ्या मुलीला घेऊन उभा होता, आणि हे आमच्या दोघींच्या मधोमध, हातात कागद, कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत.

"मग काय लिहू?" ह्यांनी विचारलं.

"फणस," मी म्हणाले.

"बेरी," ती म्हणाली.

ह्यांनी दोन्ही लिहून घेतलं. मग तिने आम्हाला जेवायला थांबवलं, आणि पानं वाढेपर्यंत आम्ही दोघी मोगऱ्यावरून भांडत होतो.